खालून येणारी थंडी

कारखान्यातल्या चार जोडप्यांची सहल बोरिवलीच्या जंगलात मुक्कामाला उतरली, तेव्हा दशरथनं खारदांड्याच्या कोळ्यांकडून मागून आणलेल्या, झोपायच्या जाळीदार दोन झोळ्या झाडांना आवळून बांधल्या. एक स्वतःला, एक बायकोला. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण भांडुपच्या त्यांच्या एका खोलीत आठ माणसं झोपायची. नवराबायको एकमेकांशी बोलायचे तेही आईच्या मार्फत.

"एकेक गोधडी घट्ट लपेटून घेतली की झालं. थंडीची काय बिशाद!" दशरथ ऐटीत म्हणाला.

सुलक्षणानं झोळीखाली हात धरून बघितला. "अहो, वारा खालून लागतोय. अंगाखाली दबलेली गोधडी काय ऊब देणार? एक झोळीला बाहेरून, खालच्या बाजूनं बांधायची आणि एक वरून पांघरायची."

"म्हणजे माणशी दोन लागणार! आपल्याकडे आहेतच दोन."

"मग एकच झोळी पुरे," असं म्हणून ती सरळ दुसऱ्या झोळीची गाठ सोडायला लागली.

दशरथच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शेकोटीकडची मंडळी बघत नाहीत ना, याची त्यानं आधी खात्री करून घेतली. मग एकदम त्याला आठवलं.

"अगं, पण आईनं तर चार गोधड्या काढून दिल्या होत्या!"

"दिल्या होत्या ना," गाठीवरची नजर न काढता सुलक्षणा म्हणाली. "निघताना दोन मी परत माळ्यावर टाकल्या."