तीनाचे चार

"मागच्या खेपेला तुमची मूत्रपिंडं एक तृतीयांश काम करत होती, आता एक चतुर्थांश करतायत," एवढं बाबांना सांगून डॉक्टर निघून गेले.

मग पलंगाची चादर उगाच सारखी करत आई म्हणाली, "अहो, ऐकलंत ना? तीनाचे चार झाले! वाढलं की!"

जन्मभर शाळेत गणित शिकवलेले बाबा तिच्या चादरीवरच्या बोटांकडे बघत राहिले. "हो गं, वाढलं," म्हणत हसले.

बाहेर आल्यावर मी चाचरत म्हणाले, "आई, एक चतुर्थांश म्हणजे आणखी कमी गं."

आई भिंतीला टेकली. "वेडे, अपूर्णांक मला त्यांनीच शिकवलेत. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, कलिंगड कापून."