चेन आतल्या बाजूला

“आई, पाणी सोडते हं! कुठं गळलं तर ओरडा,” केतकी बाहेरून म्हणाली.

प्रवासात झोपायची सोय असलेल्या व्हॅनच्या उचललेल्या छपराखाली, वरच्या बिछान्यावर तिच्या सासूबाई, प्रमिलाताई, एकट्याच बसल्या होत्या. छपराभोवतीचं फाटलेलं कॅनव्हासचं कापड काढून मुलानं आणि सुनेनं घरच्या घरी नवं ठोकलं होतं. उद्या तिघं कोकणात निघणार होती.

पाइपचा फवारा कापडावर आदळला. आत थेंबही आला नाही, पण प्रमिलाताईंचा जीव कोंडला. लिफ्टमध्ये अडकल्यापासून बंद जागेत त्यांना असंच व्हायचं. त्या कापडातल्या खिडकीची चेन चाचपू लागल्या. ती ओढायची पट्टी बाहेरच्या बाजूला होती. कापड उलटं लागलं होतं.

कशाबशा त्या खाली उतरल्या. “खिडकीची चेन आतून उघडतच नाही. तुम्ही दोघं जा. मी घरीच बरी.”

“असं काय गं? हाक मार, मी बाहेर जाऊन उघडीन,” त्यांचा मुलगा श्रीरंग म्हणाला. “दोन दिवस ठोकलेल्या पिना आता परत उपसायच्या का?”

“उपसायच्या,” म्हणत केतकीनं पक्कड घेतली. “आई, ही बाजू मोकळी करून सुलटी लावली की वर जाऊन आडव्या व्हा आणि हात लांब करा. तो जिथवर पोचेल, तिथवर चेनला दोरी बांधते. ओढली की उघडेल.”

घाबरू नकोस, असं प्रमिलाताईंना आजवर सगळ्यांनीच सांगितलं होतं. हात कुठवर पोचतो, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी पदर खोचला. “श्रीरंगा, दुसरी पक्कड दे रे इकडं.”