खांबापासून चाळीस पावलं

शर्यतींचे मैदान मोडून कारखाना उभारला तेव्हा जमिनीची मोजणी मीच केली होती. प्रत्येक अंतर मी शर्यत संपण्याच्या खांबापासून मोजले. तो खांब मात्र बाहेरच्या कुठल्याही कायमच्या खुणेपासून मोजून ठेवायचा राहिला. पुढे तो उपटला गेला. आज वडील जुना खरारा घेऊन कारखान्याच्या आवारात आले. या खराऱ्याने त्यांनी जिचे अंग वर्षानुवर्षे घासले, ती घोडी इथेच पुरलेली होती. “खांबापासून तबेल्याकडे चाळीस पावलं. खांब तेवढा दाखवा, मोजणीसाहेब!” मी नकाशा उलगडला. चहूकडे सारखेच सिमेंट होते. “बाबा, खांबाची जागा सापडत नाही.” “शिकून काय दिवे लावलेस रे? सरक, तू उभा आहेस तिथूनच मोजतो.” चाळिसाव्या पावलावर वाकून त्यांनी सिमेंटवर खरारा फिरवला. “इथेच ना?” न मोजता मी आजवर कधी हो म्हटले नव्हते.