आतली किल्ली

रिमोटचा सेल उतरला होता आणि वडिलांची गाडी काही केल्या उघडेना. लेकीने रिमोटच्या पोटात लपलेली किल्ली काढली, दार उघडलं आणि किल्ली पुन्हा आत सरकवून टाकली.

"अगं, कुठून काढलीस? मला दाखव तरी!"

"बाबा, तुम्हाला कशाला नसता उद्योग? नवा सेल आणते उद्या. तोवर अडलंच तर मला फोन करा."

"म्हणजे गाडी माझी आणि किल्ली तू!" ते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. "गाडी उघडत नाहीये गं, जरा येतेस?" छातीत कळ येतेय, दवाखान्यात निघालोय, हे काही ते बोलले नाहीत. हातातलं काम उरकूनच ती निघाली. पोचली तेव्हा ते गाडीच्या बंद दाराला टेकून बसले होते, रिमोट मुठीत घट्ट धरून. श्वास थांबलेला होता.

ती त्यांच्या कानाशी वाकली. पोरीला निरोप घेऊ दे, म्हणून शेजारीपाजारी मागे सरले.



"बाबा, मागचं बारीक बटण दाबायचं आणि किल्ली ओढायची. एवढंच होतं."