दुप्पट मजुरी

सोमवारी ठेकेदाराने खडी फोडणाऱ्यांची मजुरी सहा आण्यांवरून बारा आणे केली, आणि गुरुवारी खाणीवर निम्मी माणसं आलीच नाहीत.

मुकादम कोंडाजी चक्रावला. लढाईचे दिवस होते. लष्कराच्या गाड्यांसाठी खालापूरचा रस्ता पावसाळ्याआधी व्हायला हवा होता. "शनिवारी सगळी माणसं दिसली नाहीत, तर मी दुसरा मुकादम बघतो," असं ठेकेदाराने बजावलं होतं. पण पैसे वाढवल्यावर माणसं कमी होतात कशी? पैसा हातात खुळखुळला, ताडी ढोसून पडली असतील, असा होरा बांधून कोंडाजी भर उन्हात मजुरांच्या, डोंगराखालच्या ठाकरवाडीकडे निघाला.

वाडीत कोणी पडलेलं नव्हतं. खालच्या शेतात ठकी म्हातारीचा फुटलेला बांध वीस-पंचवीस जण मिळून घालत होते. खाणीवर ज्याचा हातोडा घडीघडी थांबायचा, तो गोमा दोघांच्या ओझ्याचा धोंडा एकटाच छातीशी धरून चढ चढत होता. वर हसत होता.

"गोमा, म्हातारी काय देते रं?"

"भाकर आन चटनी."

"आन् तिकडं बारा आने मिळत्यात!"

"मिलतात की." गोमाने धोंडा बसवला, घाम निपटला. "म्हनून तर तीन दिसांत आठवड्याचं निगालं. धान्य रेशनवर मापानं मिलतं. दुकानात लुगडं नाय, रॉकेल नाय. वरच्या पैशाचं काय करू, चुलीत घालू?"

कोंडाजीने बोटांवर हिशेब केला. तो म्हणाला, "मग सहाच आने दिले तर सहा दिवस याल?"

"येऊ. पन तिथं असं हौसेनं नाय राबनार."

"ह्यो बांध कधी पुरा व्हनार?"

"हात वाढले तर उद्या."

कोंडाजीने पागोटं झाडाच्या फांदीवर ठेवलं, वहाणा काढल्या आणि पहिला धोंडा उचलला. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बांध उभा राहिला.

शनिवारी खाणीवर सगळे हजर. ठेकेदार बघून गेला, खूश झाला. तो गेल्यावर कोंडाजीचं लक्ष कडेला गेलं. ठकी म्हातारी उकिडवी बसून खडी फोडत होती. चिंधी गुंडाळलेल्या बोटांनी दगड धरून ती नेमका घाव घालत होती.

"आये, तू कशाला आलीस?"

"तुमी माज्या बांधाला दीड दीस राबलाव. मी दीड दीस फोडनार."

संध्याकाळी कोंडाजी बारा आणे घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. तिने हात मागे घेतला.

"पैसं नको, मुकादम. तुमची खडी हाय म्हनून आले."

समोर खडीचा ढीग दिवसभराच्या उन्हाने अजून तापलेला होता. ही खडी आपली नाही, ठेकेदाराची आहे, हे तिला सांगणं कोंडाजीच्या जिवावर आलं.