पाचवं पाकीट

कपाटातली चार पाकिटं महिनाअखेर चपटी होत. ‘तिकीट’ लिहिलेलं पाचवं मात्र ना फुगे, ना आटे.

धंदा बुडाल्यावर रमीजची कार्डं बंद झाली, आणि कर्ज फिटेपर्यंत कतार सोडायला त्याला बंदी आली. तेव्हापासून भाडं, किराणा, शाळा, बँक अशी पाकिटं करून नूरी रोखीनं घर चालवत होती. पाचवं तिनं तिघांसाठी म्हणून ठेवलं होतं. रमीज मनात दोनच तिकिटं धरून चालला होता, पण तसं बोलायची हिंमत होत नव्हती. कामावरून तो नजमा भागातल्या घरापर्यंत चालत येई आणि बसचे वाचलेले रियाल चार घड्या घालून गुपचूप त्या पाचव्या पाकिटात सरकवी.

आज हप्ता भरायला त्यानं ‘बँक’चं पाकीट उघडलं, तर त्या घड्या घातलेल्या नोटा तिथे.

“हे इथे कसे गं?”

“मीच टाकते दर महिन्याला,” नूरी कणीक मळता मळता म्हणाली. “कर्ज आधी खलास होऊ दे. मग तिघं मिळून रत्नागिरीला जाऊ.”

“अशानं अकरा वर्षं लागतील.”

“लागू देत. मला कुठं घाई आहे?”

आतल्या खोलीत लेक अलिना मोठ्यानं पाढे म्हणत होती. रमीजनं एकेक नोट उलगडून पाचव्या पाकिटात परत ठेवली.



“बंदी माझ्या एकट्यावर आहे, नूरी. तू अलिनाला घेऊन जा.”