शेवटचा डोहाळा

"बोला वैजंताताई, नववा महिना लागला. हा शेवटचा डोहाळा," म्हणत तपासनीस बाईंनी तिच्या मनगटावर पट्टी बांधली.

दुसऱ्याचं मूल पोटात वाढवणाऱ्या बाईला पैसे देणं आता गुन्हा होता. कायद्याने एवढीच मुभा ठेवली होती, की तिचे डोहाळे पुरवायचे. डोहाळा खरा असला की पट्टीवरचा दिवा हिरवा व्हायचा, आणि मग तो पुरवणं सक्तीचं असायचं.

मागच्या तपासणीला वैजंताने घरावर स्लॅब मागितला, तर दिवा लाल झाला. स्लॅब तिच्या नवऱ्याला हवा होता. हिरवा झाला तो फक्त चिंचेला.

"या वेळी मोठं काहीतरी मागा हो," समोर बसलेली ऋजुता कळवळून म्हणाली. वैजंताच्या पोटातलं मूल तिचं होतं. "तुम्हाला मनापासून हवंय ते मागा. काहीही."

"मला काही नको," वैजंता घाईघाईने म्हणाली.

दिवा लाल झाला.

"खोटं चालत नाही, ताई," तपासनीस बाई म्हणाल्या. "खरं काय ते सांगावंच लागेल."

वैजंताने ऋजुताकडे पाहायचं टाळलं. पोटात बाळाने लाथ मारली, तसा तिचा हात आपसूक तिथे गेला.

तिने तोंड उघडण्याआधीच दिवा हिरवा झाला.